मार्गशीर्षातील वर्षा : ताम्रपर्णीकाठच्या एका आठवड्याचा ऋतुविचार

ऋतुचर्या हा विषय आपल्यापैकी प्रत्येकाने पदवीच्या पहिल्याच वर्षी अभ्यासलेला असतो. मार्गशीर्ष आणि पौष मिळून हेमंत, माघ आणि फाल्गुन मिळून शिशिर, ही मांडणी इतकी अंगवळणी पडलेली असते की दिनदर्शिकेवर मार्गशीर्ष उजाडला की आपल्या लेखणीतून आपोआप गुरु, स्निग्ध, मधुर आहार आणि च्यवनप्राश उतरू लागतो. महाराष्ट्राच्या देशावर, विदर्भात किंवा खानदेशात हे बहुतांशी जमूनही जाते. मात्र ऋतू हा पंचांगावरून ओळखायचा की लक्षणांवरून, हा प्रश्न शास्त्रकारांनी आपल्यासाठी खुला ठेवलेला नाही. त्यांनी त्याचे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर पारखून पाहण्यासाठी भारताच्या अगदी दक्षिण टोकाचा किनारा आणि डिसेंबर २०२३ मधील एक आठवडा यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१७ डिसेंबर २०२३, रविवार. आपल्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध पंचमी आणि तमिळ पंचांगाप्रमाणे मार्गळी महिन्याचा पहिला दिवस. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत तुतिकोरीन जिल्ह्यातील कायलपट्टिनम या किनाऱ्यावरील गावी ९५ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. जवळच्याच तिरुचेंदूर या कार्तिकेयाच्या क्षेत्री ६९, तर ताम्रपर्णीकाठच्या श्रीवैकुंठम येथे ६२ सेंटिमीटर. या जिल्ह्याचा संपूर्ण वर्षाचा सरासरी पाऊस ६५ ते ७० सेंटिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. मुंबईकर वैद्यांना आणखी एक तुलना सांगण्यासारखी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४.४ सेंटिमीटर पाऊस पडला होता. तो अवघा दिवस आपल्या स्मरणात कोरलेला आहे. जवळजवळ तेवढाच पाऊस कायलपट्टिनम येथे पडला, पण आषाढात नव्हे, तर ज्याला आपण निःशंकपणे हेमंत म्हणतो त्या मार्गशीर्षात.

हा पाऊस कोठून आला हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विचार त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे ज्याला पावसाळा म्हणतात तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. हे वारे अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतात, कोकण आणि केरळ भिजवतात आणि घाट ओलांडून पूर्वेकडे उतरताना कोरडे होतात. तिरुनेलवेली आणि तुतिकोरीन हे प्रदेश नेमके त्या कोरड्या सावलीत येतात. जून ते सप्टेंबर या काळात तेथे पाऊस अल्पच असतो. ऑक्टोबरनंतर वाऱ्याची दिशा पालटते. उत्तरेकडील भूमी थंड होऊ लागते आणि वारे ईशान्येकडून वाहू लागतात. महाराष्ट्रावर येणारे हे वारे जमिनीवरूनच येत असल्याने कोरडे असतात. आपला हिवाळा कोरडा आणि रुक्ष असतो तो त्यामुळेच. चोळमंडल किनाऱ्यावर पोहोचणारे वारे मात्र बंगालच्या उपसागराचे पाणी उचलून येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्याचा खरा पावसाळा होय आणि तमिळनाडूच्या वार्षिक पावसाचा जवळजवळ निम्मा वाटा या तीन महिन्यांतच पडतो. एकच वारा, पण एका देशात तो त्वचा फोडतो आणि दुसऱ्या देशात शेते बुडवतो. देशभेदाचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी यापेक्षा सोपा दृष्टांत मला तरी सुचत नाही.

त्या आठवड्यात कन्याकुमारीलगतच्या समुद्रावर चक्राकार वाऱ्यांची एक प्रणाली निर्माण झाली होती. ते चक्रीवादळ नव्हते. त्याच महिन्याच्या प्रारंभी चेन्नईला बुडवून ५ डिसेंबरला आंध्रच्या बापटलाजवळ किनाऱ्यावर आलेले मिचाँग हे चक्रीवादळ होते, त्याला नाव होते आणि त्याची चर्चाही देशभर झाली. कन्याकुमारीजवळच्या या अनाम प्रणालीने पूर्वेकडील आर्द्र वारे एका चिंचोळ्या पट्ट्यात खेचून धरले आणि ती लवकर पुढे सरकली नाही, एवढेच. सोमवारी पाऊस सुरूच राहिला. ताम्रपर्णी पात्राबाहेर आली, तिच्या काठची तळी फुटली, श्रीवैकुंठम आणि एरल या गावांचा संपर्क तुटला. तिरुचेंदूरहून चेन्नईकडे निघालेली रेल्वेगाडी सुमारे ८०० प्रवाशांसह श्रीवैकुंठम स्थानकात अडकली आणि तिच्यातील शेवटच्या प्रवाशांची सुटका मंगळवारी, १९ तारखेला झाली. पाऊस ओसरल्यावरही तुतिकोरीन शहराच्या सखल भागांत पाणी अनेक दिवस साचून होते. वैद्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते ते येथून पुढे.

आता शास्त्राकडे वळू. हेमंतात अग्नी बलवान असतो, हे विधान आपण पाठ केलेले असते. त्याचे कारण मात्र बहुधा विस्मृतीत जाते. बाह्य शीताने आणि शीत वायूने शरीरातील उष्मा आत कोंडला जातो आणि त्यामुळे जाठराग्नी प्रदीप्त होतो, असे कारण आचार्यांनी स्पष्टपणे दिलेले आहे. त्याच्या जोडीला रात्र मोठी असल्याने मनुष्य पहाटे भुकेला उठतो, असेही वाग्भटाचार्य सांगतात. म्हणजे हेमंतातील अग्निबलाचे दोन हेतू झाले : शीत आणि दीर्घ रात्र. हे दोन्ही हेतू तुतिकोरीनच्या किनाऱ्यावर तपासून पाहावेत. डिसेंबरात तेथील रात्रीचे तापमान साधारणतः २२–२३ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. विषुववृत्तापासून अवघ्या पावणेनऊ अंशांवर असलेल्या या गावी वर्षातील सर्वांत लहान दिवसही साडेअकरा तासांहून थोडा मोठाच असतो. तोच दिवस दिल्लीत सव्वादहा-साडेदहा तासांचा असतो. शीत नाही, रात्रही फारशी मोठी नाही. हेतू नसता कार्य कसे होईल? पंचांगातील महिन्याचे नाव अग्नी प्रदीप्त करीत नाही.

याउलट वर्षा ऋतूत अग्नी मंद होण्याची जी कारणे चरकाचार्यांनी दिली आहेत, ती या आठवड्यास लावून पाहू. भूमीतून निघणारी वाफ, मेघांचे सतत स्रवणे आणि जलाचा अम्ल विपाक ही ती तीन कारणे होत. दुसरे आणि तिसरे कारण येथे पूर्णपणे लागू पडते. पुराच्या गढूळ, साचलेल्या, खारट झालेल्या पाण्याचा विपाक बिघडणार हे सांगण्यास नको. पहिले कारण मात्र तितकेसे लागू पडत नाही. आषाढात पाऊस पडतो तो ग्रीष्माने महिनोन्महिने तापलेल्या भूमीवर आणि तिच्यातून जी बाष्पे निघतात त्यांचे सामर्थ्य वेगळे असते. मार्गशीर्षात तेथील भूमी ऑक्टोबरपासूनच्या पावसाने आधीच निवालेली असते.

हा भेद केवळ तार्किक नाही, चिकित्सेत तो उपयोगी पडतो. आपल्या आषाढात रुग्ण येतो तो आदानकालाने क्षीण झालेला : अग्नीही मंद आणि बलही अल्प. म्हणून आपण त्याला लंघन देताना हात आखडतो. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणायनात असतो, विसर्गकाल शेवटाकडे आलेला असतो आणि प्राणिमात्रांचे बल चांगले असते. त्यामुळे चोळमंडल किनाऱ्यावरील हा रुग्ण बलाने हेमंताचा, पण अग्नीने वर्षेचा असतो. अशा रुग्णास लंघन उत्तम सोसते. ज्वर किंवा अतिसार सुरू होताच त्याला निःशंकपणे लघु आहारावर, सुंठ घालून उकळलेल्या पाण्यावर, मुगाच्या कढणावर किंवा पेजेवर ठेवावे. अतिसारात जलक्षय भरून काढण्याकडे मात्र त्याच वेळी लक्ष हवे. लंघन म्हणजे पाणी तोडणे नव्हे. बृंहण, अवलेह, मिष्टान्न, दुधातील पाक हे सर्व पाऊस ओसरून, ऊन पडून, भूक स्पष्ट लागेपर्यंत थांबवावे. डिसेंबर आला म्हणून च्यवनप्राश सुरू करणाऱ्या आपल्या परिपाठाला त्या किनाऱ्यावर अशा आठवड्यात काहीच आधार नाही. आमावस्थेत दिलेला रसायनयोग रसायन राहत नाही.

पंचकर्माविषयी तर शंकाच नको. दुर्दिनात, म्हणजे ढगाळ आणि वादळी दिवसांत, शोधन करू नये असे शास्त्र सांगते. केरळ आणि दक्षिण तमिळनाडूत हिवाळ्यात स्नेहन-स्वेदनासाठी जाणाऱ्या महाराष्ट्रीय रुग्णांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांना पाठवताना तेथील हवामानाचा अंदाज पाहणे हे आता वैद्याच्या पूर्वकर्मातच धरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. अशी अवेळी वृष्टी म्हणजे ऋतुव्यापत्ती होय, मग तिला स्वतंत्र ऋतुविचार कशाला? आक्षेप वरवर बरोबर वाटतो, परंतु त्यात देशाचा विसर पडलेला आहे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात काल दूषित झाल्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : ऋतुलक्षणांच्या विपरीत लक्षणे, अतिमात्र लक्षणे आणि हीन लक्षणे. मार्गशीर्षात पुण्यास किंवा नाशकास पाऊस पडला तर ते विपरीत लक्षण होय. रत्नागिरीस पडला आणि आंब्याचा मोहोर गळला तर तेही विपरीतच, कारण कोकण आनूप देश असला तरी त्याचा हेमंत पहाटेच्या कोरड्या मतलई वाऱ्यांचा असतो. तुतिकोरीनला मात्र मार्गशीर्षातील पाऊस हे स्वलक्षणच आहे आणि तो न पडला तर तेथे दुष्काळ. चोवीस तासांत ९५ सेंटिमीटर पडणे हे अतिमात्र लक्षण झाले. विपरीत आणि अतिमात्र यांत काय फरक, असे कोणी विचारील. फरक असा की विपरीतात लोकांचे शरीर त्या लक्षणाला सर्वस्वी असात्म्य असते. अतिमात्रात ते सात्म्य असते, पण मात्रा झेपत नाही. पुण्यातील रुग्ण मार्गशीर्षातल्या दोन दिवसांच्या पावसानेही खोकू लागतो. तेवढ्याच पावसात तुतिकोरीनचा कोळी रोजच्यासारखा होडी ओढत असतो.

शिवाय दक्षिणेचा पाऊस आचार्यांना माहीतच नव्हता, असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतूंची मांडणी दोन प्रकारे आलेली आहे. पहिल्या मांडणीत शिशिर आहे. दुसऱ्या मांडणीत, जी दोषांच्या संचय-प्रकोप-प्रशमनासाठी सांगितली आहे, शिशिर वगळून प्रावृट् हा ऋतू घेतलेला आहे. भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत असा तिचा क्रम आहे. टीकाकारांनी काश्यपांच्या नावाने याची संगती लावली आहे ती अशी : गंगेच्या दक्षिणेस वृष्टी अधिक म्हणून तेथे प्रावृट् आणि वर्षा असे पावसाचे दोन ऋतू मानावेत, उत्तरेस हिमालयामुळे शीत अधिक म्हणून तेथे हेमंत आणि शिशिर असे थंडीचे दोन. म्हणजे देश पाहून ऋतू मांडण्याची मुभा परंपरेनेच दिलेली आहे. तमिळ परंपरेतही सहाच ऋतू आहेत, पण मार्गळी आणि तै या दोन महिन्यांना तेथे ‘मुन्पनी’, म्हणजे पहिल्या दवाचा काळ, असे म्हणतात आणि पुढील दोन महिन्यांना ‘पिन्पनी’, म्हणजे मागल्या दवाचा. नाव दवाचे आहे, हिमाचे नाही. ज्यांनी ती नावे ठेवली त्यांनी आपला देश डोळ्यांनी पाहून ठेवली होती.

ओघात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चोळमंडलाच्या या हिवाळी पावसाशी मराठी माणसाचा संबंध आजचा नाही. तंजावरच्या भोसले घराण्याने पावणेदोनशे वर्षांच्या आसपास त्याच पावसावर पिकणाऱ्या कावेरीच्या मुलखावर राज्य केले. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) तेथे धन्वंतरी महाल उभारला, निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांना एकत्र आणले आणि अनुभवास आलेले योग तमिळ पद्यात नोंदवून घेतले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुढे प्रसिद्धही केले आहेत. तंजावरी मराठी कुटुंबांमध्ये मार्गशीर्षाचे सणवार आणि दारात साचलेले पाणी यांची सांगड पिढ्यान्पिढ्या घातली गेली आहे. त्या घरांतील वृद्ध स्त्रियांकडे हेमंतातील पथ्य विचारले तर उत्तर पुण्याच्या पुस्तकांपेक्षा निराळे मिळेल, असा माझा तर्क आहे. कोणा अभ्यासकाने हे काम अवश्य हाती घ्यावे.

आता औषधनिर्माते आणि औषधविक्रेते यांच्याशी थेट संबंधित भागाकडे येतो. तुतिकोरीन आणि तिरुनेलवेली ही नावे आपल्या कोठारात रोज वावरत असतात. सोनामुखी घ्या. ती आपल्या संहितांतील वनस्पती नव्हे. युनानी परंपरेतून ती आपल्याकडे आली आणि पंचसकार चूर्णामुळे घरोघरी पोहोचली. बाजारात ‘तिन्नेवेल्ली’ म्हणून ओळखली जाणारी तिची प्रत याच जिल्ह्यांतून येते, तुतिकोरीन बंदरातून जगभर जाते आणि मुंबई-पुण्याच्या घाऊक पेठांतही पोहोचते. सदाफुलीची लागवडही याच पट्ट्यात होते. सोनामुखी हे कोरडवाहू, म्हणजे जांगल भूमीचे पीक आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या ओलीवर ते पेरले जाते आणि दोन-तीन महिन्यांनी पानांची पहिली खुडणी होते. पाणी साचणे त्याला मुळीच मानवत नाही. पाने सावलीत पसरून आठ-दहा दिवस सुकवावी लागतात, तेव्हाच त्यांचा पिवळसर हिरवा रंग टिकतो. या दिवसांत हवा दमट राहिली तर पान काळवंडते आणि बुरशी धरते.

अशा आठवड्यानंतर येणारा माल कसा असेल, हे आता निराळे सांगण्याचे कारण नाही. खरा धोका मात्र वेगळाच आहे. काळवंडलेले पान कोणी सहसा घेत नाही, पण त्याचे चूर्ण केले की रंग लपतो. म्हणून अतिवृष्टीच्या वर्षी सोनामुखी चूर्णरूपात घेऊच नये. पूर्ण पान घ्यावे, मूठभर पान दोन्ही तळव्यांत चुरडून पाहावे. कोरडे पान कुरकुरीत तुटते, ओलसर पान लवते. कुबट वास आला तर भाव कितीही कमी असो, माल परत करावा. आर्द्रता, सूक्ष्मजंतू आणि अफ्लाटॉक्सिन यांच्या चाचण्या प्रयोगशाळेकडून करून घेणे हे अशा वर्षी केवळ नोंदवहीसाठी उरत नाही. बुरशीचे विष चूर्ण उन्हात वाळवल्याने किंवा भाजल्याने निघून जात नाही, हे आपल्या कामगारांनाही समजावून सांगितले पाहिजे.

विमानस्थानात भगवान आत्रेय काम्पिल्यात, गंगेच्या काठी, अग्निवेशाला सांगतात त्याचा आशय नेमका हाच आहे : भूमीचे रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. वायू, जल, देश आणि काल ही चारही दूषित झाली असता, आधी संग्रहित केलेल्या निर्दोष औषधीने ज्यांची चिकित्सा होते ते रोगी होत नाहीत, असा त्यांचा दिलासा आहे. सुश्रुताचार्यही ऋतू बिघडला असता न बिघडलेल्या औषधींचा आणि जलाचाच उपयोग करण्यास सांगतात. हा उपदेश आपण सहसा साथीच्या रोगांपुरता वाचतो. वास्तविक तो कोठारव्यवस्थापनाचा उपदेश आहे. ज्या निर्मात्याने ऑक्टोबरापूर्वीच मागील हंगामाचे चांगले पान वर्षभराच्या गरजेइतके नीट साठवले असेल, त्याला २०२४ च्या वसंतात येणाऱ्या ओल्या मालाकडे पाठ फिरवता आली असेल. हातातोंडाशी गाठ ठेवून महिन्या-महिन्याला खरेदी करणाऱ्याला ते शक्य नसते.

तुतिकोरीनची दुसरी देणगी म्हणजे मीठ. गुजरातच्या खालोखाल देशातील मोठे मिठागर क्षेत्र येथे आहे. मीठ पिकते ते कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात त्याचे ढीग झाकून ठेवतात आणि अशा पुरात ते वाहून तरी जातात किंवा पाण्याने भिजून गढूळ होतात. सामुद्र लवणात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात आणि हवेतील पाणी शोषून घेण्याचा धर्म मुख्यतः त्यांचा आहे. लवणभास्कर चूर्णात सामुद्र लवणाचा भाग सर्वांत मोठा असल्याने ते दमट हवेत गोळा होते, तर शुद्ध सैंधवाचे योग तुलनेने मोकळे राहतात. पुराचे पाणी लागलेले मीठ पुन्हा विरघळवून, गाळून आणि स्फटिकीकरण करूनच वापरावे. नुसते वाळवून चालणार नाही.

मन्नारच्या आखातातील शंखांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कौटिल्याने मोत्यांच्या प्रकारांत ताम्रपर्णीच्या मोत्यांना स्थान दिले आहे, इतका त्या समुद्राचा लौकिक जुना आहे. शंख, शुक्ती यांच्या गुणवत्तेवर पावसाचा परिणाम होण्याचे कारण नाही. पुरवठा काही आठवडे रखडतो, एवढेच.

यापेक्षा अधिक लक्ष द्यावयास हवे ते आपल्या तयार मालाकडे. पुण्याच्या किंवा नगरच्या निर्मात्याने डिसेंबरात कोरड्या हवेत चूर्ण कुटून, साध्या डबीत भरून दक्षिणेस पाठवले, तर भरताना ते निर्दोष असते. तुतिकोरीनच्या रुग्णाने ती डबी उघडली तेव्हा मात्र हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि डबी दिवसातून दोनदा उघडली जाते. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचा वीर्यकाल अवघा दोन महिन्यांचा आणि गुटिका-अवलेहांचा एक वर्षाचा सांगितला आहे. आजच्या बंदिस्त वेष्टनामुळे आपण तो वाढवून घेतला आहे. परंतु वेष्टन उघडल्यावर काळ पुन्हा शार्ङ्गधरांचाच सुरू होतो. यवक्षार आणि क्षारयुक्त योग पाझरतात, गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात, गुळाच्या गुटिका मऊ पडतात, अवलेहाच्या पृष्ठभागावर पांढरी साय दिसू लागते. आसव-अरिष्टे आणि भस्मे यांना त्या मानाने धोका कमी. म्हणून किनारपट्टीला जाणाऱ्या चूर्णांच्या डब्या लहान असाव्यात, आठवड्या-पंधरवड्यात संपतील एवढ्याच. उघडल्यानंतर किती दिवसांत वापरावे हे लेबलावर त्या भाषेत लिहावे. विक्रेत्यांनीही पुराचे पाणी लागलेला माल बाहेरून पुसून पुन्हा मांडू नये. त्याची नोंद करून तो नष्ट करावा. हे नुकसान मोठे असते याची मला जाणीव आहे, तरीही यात तडजोडीला जागा नाही.

पाण्याविषयी थोडे. गढूळ पाणी निवळण्यासाठी सुश्रुताचार्यांनी जी सात द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी प्रथम येते आणि मोतीही त्यात आहे. निवळीचा वापर तमिळ खेड्यांत पूर्वापार होत आला आहे. भांड्याच्या आतल्या बाजूस बी उगाळून पाणी भरून ठेवले की माती तळाशी बसते. पण निवळल्याने पाणी दिसायला स्वच्छ होते, निर्जंतुक होत नाही. म्हणून आधी निवळावे, मग गाळावे आणि नंतर चांगले खळखळ उकळावे. दूषित जल उकळून घेण्याचा उपदेशही त्याच अध्यायात आहे. केवळ निवळीवर विसंबणारा वैद्य अर्धेच शास्त्र पाळतो.

शेवटी पुरानंतरच्या ज्वराविषयी, कारण येथे प्रश्न जिवाचा असतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, तिचा अनुभव आपल्यातील अनेकांच्या गाठीशी आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पायांच्या जखमांवाटे हा रोग शिरतो आणि साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत ज्वर येतो. पुराच्या पाण्यातून चाललेला रुग्ण तीव्र ज्वर, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळ्यांत लाली, कावीळ किंवा मूत्र कमी होणे यांपैकी काहीही घेऊन आला, तर त्याला विषमज्वर समजून सुदर्शन चूर्णावर ठेवू नये, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. सर्पदंशाचेही तसेच. पुरात बिळे बुडाल्याने साप घरांत शिरतात आणि दंश झालेल्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयाखेरीज दुसरा मार्ग नाही. पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी साचलेल्या डबक्यांतील डासांमुळे डेंग्यूचे रुग्ण दिसू लागतात, तेव्हा अंगदुखी असलेल्या प्रत्येक ज्वरात रक्तबिंबिकांची तपासणी करून घ्यावी. पायाच्या बोटांतील चिखल्या, कच्छू आणि दद्रू, अग्निमांद्य, साधा प्रतिश्याय, पूर ओसरल्यावर उरलेले सांध्यांचे जखडणे, ही आपल्या चिकित्सेची हक्काची क्षेत्रे आहेत. तेथे त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, करंज तेल, हिंग्वाष्टक, सुंठ, नारायण तेलाचा अभ्यंग यांचा उपयोग निःसंकोच करावा. अभ्यंग मात्र भूक लागू लागल्यावर आणि ऊन पडू लागल्यावर.

त्या किनाऱ्यावर ऊन डिसेंबरच्या अखेरीस परतले. तै महिन्याच्या प्रारंभी, म्हणजे आपल्या मकरसंक्रांतीस, तेथे पोंगल शिजतो : नवा तांदूळ, गूळ, मूग आणि तूप. मधुर, स्निग्ध, गुरु. आपल्या मार्गशीर्षातील आहार त्या देशात सुमारे महिनाभर उशिरा, पाऊस सरल्यावर, ताटात येतो.